युद्धाच्या धावपट्टीवर उतरणारे मिशनचे विमान

फलालोप हे पश्चिम पॅसिफिकमधल्या उलिथी या प्रवाळमाळेतले एक लहानसे बेट. धावपट्टी त्याला मधोमध चिरत जाते. तिच्या एका टोकाला समुद्र, दुसऱ्या टोकालाही समुद्र, आणि मध्ये जेमतेम हजारभर मीटर सपाट जमीन. पट्टीच्या दोन्ही अंगांना नारळ, घरे, शाळा. एवढ्याशा बेटाने आपली इतकी जमीन विमानाला का दिली असेल, असा प्रश्न नकाशा पाहताना पडतो. उत्तर असे की बेटाने ती दिलेली नाही. 1944 मध्ये अमेरिकी नौदलाने ती घेतली. पुढे मात्र याच पट्टीवर एका ख्रिस्ती मिशनचे दोन इंजिनांचे छोटे विमान उतरू लागले. त्यात तांदळाची पोती, टपाल आणि औषधे असत. परतताना अडलेली बाळंतीण असे, झाडावरून पडून हाड मोडलेला मुलगा असे, कधी गावी पुरण्यासाठी आणलेले प्रेत उतरवून विमान रिकामेच जाई.

हे विमान इथवर कसे पोचले, ते समजून घ्यायचे तर समुद्रापासून सुरुवात करावी लागते.

उलिथी ज्या देशात आहे त्या मायक्रोनेशिया संघराज्यात 607 बेटे आहेत. सगळी जमीन एकत्र केली तर सुमारे 700 चौरस किलोमीटर भरते, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याएवढी. ती विखुरलेली आहे सव्वीस लाखांहून अधिक चौरस किलोमीटर समुद्रावर. याप राज्याच्या मुख्य बेटापासून त्याच राज्यातले उलिथी सुमारे 190 किलोमीटर, तर वोलेआई साडेसहाशेहून अधिक. याप, चुक, पोनपेई आणि कोसराय ही चार राज्ये, आणि पहिल्या तिघांना दूरदूरच्या लहान बेटांची शेपूट. इस्पितळ, माध्यमिक शिक्षण, सरकारी कचेऱ्या बहुतेक मुख्य बेटावर. बाहेरच्या बेटांचा बाकीच्या जगाशी संबंध सरकारी जहाजाच्या फेरीवर अवलंबून. ती फेरी कधी काही आठवड्यांनी होई, कधी काही महिन्यांनी.

इथे एक गैरसमज आधीच दूर केला पाहिजे. ही बेटे एकाकी होती आणि बाहेरच्यांनी येऊन त्यांना जगाशी जोडले, ही समजूत खोटी आहे. इथल्या लोकांसाठी समुद्र हीच वाट होती. उलिथी, वोलेआई आणि त्यापलीकडच्या बेटांवरून शिडाच्या होड्यांचे तांडे यापला जात. भेटवस्तू देणे, घेणे, वादळानंतर आसरा मिळवणे, असे सारे व्यवहार सावेई नावाच्या व्यवस्थेत बांधलेले होते. तारे, लाटांची दिशा आणि पक्ष्यांची झेप यांवरून शेकडो किलोमीटर नेमके जाणारे नाविक या बेटांवर होते. पुढे जर्मन आणि नंतर जपानी अमलात लांबच्या सफरींवर बंधने आली, माल आणि माणसे सरकारी जहाजातून जाऊ लागली, आणि होडीची विद्या हळूहळू थोड्या बेटांपुरती उरली. जे अंतर पूर्वी लोक स्वतः कापत होते, ते कापून देणाऱ्याची वाट पाहण्याची पाळी त्यांच्यावर अशी आली.

मिशनरी आले ते अर्थातच जहाजाने. जेझुइट पाद्री हुआन अंतोनियो कांतोवा 1731 मध्ये उलिथीला पोचले आणि त्याच वर्षी तिथे मारले गेले. त्यानंतर शतकाहून अधिक काळ या बाजूला फारसे कोणी फिरकले नाही. 1852 मध्ये अमेरिकन बोर्ड या प्रॉटेस्टंट मिशनसंस्थेचे मिशनरी कोसराय आणि पोनपेईला उतरले. मराठी वाचकाला हे नाव अनोळखी वाटायला नको. याच बोर्डाची माणसे 1813 मध्ये मुंबईला आली, त्यांच्याच अमेरिकन मराठी मिशनने अहमदनगरला ठाण मांडले आणि 1842 मध्ये ‘ज्ञानोदय’ सुरू केले. आपल्याकडे बोर्डाला रस्ते, बाजारपेठा आणि छापखान्याला वाचक मिळाले. पॅसिफिकमध्ये पुढच्या गावी जायचे म्हणजेच जहाज लागे. म्हणून बोर्डाने अमेरिकेतल्या रविवारच्या शाळांमधील मुलांकडून दहा-दहा सेंट गोळा केले, प्रत्येकाला जहाजाचा भागधारक केले आणि 1856 मध्ये ‘मॉर्निंग स्टार’ पाण्यात सोडले. त्याच नावाची पुढे आणखी जहाजे झाली. दुसरे 1869 मध्ये कोसरायपाशी फुटले. देणगीदारांच्या पैशांवर चालणारे, एका नावाभोवती लोकांचा जीव गोळा करणारे, वारंवार मोडणारे वाहन ही मिशनची तऱ्हा तेव्हाच ठरली. विमानांनी तीच पुढे चालवली.

जहाजांनी फक्त बायबल आणि औषध आणले असे मात्र नव्हे. 1854 मध्ये एका व्हेलमाऱ्या जहाजातून देवीची साथ पोनपेईला पोचली आणि बेटावरची जवळजवळ निम्मी माणसे गेली. डॉक्टर असलेले मिशनरी ल्यूथर ग्युलिक यांनी तेव्हा लोकांना टोचण्या केल्या. रोग आणि उतारा दोन्ही बाहेरून, दोन्ही समुद्रमार्गे. या बेटांच्या इतिहासात हे पुन्हापुन्हा घडते, आणि म्हणूनच मदतीचे कौतुक करताना तिच्या आधीचे पानही उलटून पाहावे असे मला वाटते.

विमानाची कल्पना निघाली ती एका मरणातून. जर्मन पाद्री पॉल शुल्टे यांचे मित्र ओटो फुअरमान 1925 मध्ये नैऋत्य आफ्रिकेत तापाने गेले. डॉक्टर होता, पण तिथवर पोचायला वाहन नव्हते. पहिल्या महायुद्धात वैमानिक असलेल्या शुल्टेंनी 1927 मध्ये मिशनांना मोटारी, बोटी आणि विमाने मिळवून देणारी ‘मिवा’ ही संस्था काढली. 1938 मध्ये त्यांनी स्वतः उत्तर ध्रुववृत्तातल्या बॅफिन बेटावर विमान नेऊन आर्क्टिक बे इथल्या आजारी मिशनऱ्याला इस्पितळात आणले. बेटावरच्या रुग्णाला उचलून आणणारे मिशनचे विमान हे चित्र जगापुढे ठळकपणे आले ते या उड्डाणाने.

त्याच दशकात दक्षिणेकडे आणखी दोन प्रयोग चालले होते. न्यू गिनी या प्रचंड बेटावर डोंगर इतके उभे की किनाऱ्यापासून आतल्या ठाण्याला पायी आठवडे लागत. सोन्याच्या खाणींसाठी तिथे आधीच विमाने फिरत होती. ते पाहून ल्यूथरन मिशनने 1935 मध्ये ‘पापुआ’ नावाचे युंकर्स विमान आणले. कॅथलिक मिशननेही आपली विमाने उडवली. दुसरा प्रयोग उत्तर ऑस्ट्रेलियाच्या मिलिंगिंबी बेटावरचा. मेथडिस्ट मिशनरी हॅरल्ड शेफर्डसन 1927 मध्ये तिथे आले. सुतारकाम आणि यंत्रकाम दोन्हीत हात चालणारा माणूस. त्यांनी सुट्या भागांच्या संचातून हीथ पॅरासोल हे एकट्याने बसायचे विमान बेटावरच जोडले आणि ते उडवलेही. इंजिनाचे भाग मागवायचे तर होडीची वाट पाहायची, अशा ठिकाणी हे घडले. या सगळ्या इतिहासात मला सर्वांत जास्त ओढ लावणारा प्रसंग हाच आहे. त्यामागे मोठी संस्था नव्हती. एका माणसाला पलीकडच्या किनाऱ्यावरच्या लोकांपर्यंत वेळेत पोचायचे होते.

मग महायुद्ध आले. न्यू गिनीतली मिशनची विमाने गेली. मायक्रोनेशिया जपानी आणि अमेरिकी आरमारांच्या मधोमध सापडला. वोलेआईवर जपान्यांनी धावपट्टी बांधून हजारोंची फौज ठेवली. अमेरिकेने तिथे उतरण्याऐवजी रसद तोडली आणि त्या फौजेतले बहुसंख्य सैनिक मेले, बरेचसे उपासमारीने. उलिथी मात्र सप्टेंबर 1944 मध्ये अमेरिकेच्या हाती लढाईशिवाय आले. त्या शांत, खोल पाण्यात पुढच्या काही महिन्यांत एका वेळी सहाशेहून अधिक जहाजे नांगरली होती. मोगमोग बेटावरच्या लोकांना दुसऱ्या बेटावर हलवून तिथे खलाशांसाठी करमणुकीचे ठिकाण केले. फलालोपला धावपट्टी झाली. युद्ध संपले, जहाजे निघून गेली, पट्टी राहिली.

धावपट्ट्यांबरोबर वैमानिकही उरले. लहान विमान खडबडीत जमिनीवर उतरवायचे कसब शिकलेले शेकडो तरुण घरी परतले. त्यांतल्या काही श्रद्धावंतांनी ते कसब मिशनच्या कामी लावायचे ठरवले. 1945 मध्ये अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये, लगोलग ऑस्ट्रेलियात, ज्यांतून पुढे मिशन एव्हिएशन फेलोशिप उभी राहिली त्या संस्था निघाल्या. अमेरिकेतल्या संस्थेचे पहिले उड्डाण 23 फेब्रुवारी 1946 रोजी बेटी ग्रीन यांनी केले, लॉस एंजेलिसहून मेक्सिकोकडे, जुन्या वाको विमानातून. ग्रीन युद्धकाळात महिला वैमानिकांच्या दलात होत्या. पुढे न्यू गिनीच्या डच भागातही त्या विमान चालवत होत्या. ऑस्ट्रेलियन शाखेने 1951 मध्ये न्यू गिनीत मदांगहून काम सुरू केले आणि त्याच वर्षी त्यांचे वैमानिक हॅरी हार्टविग डोंगरात विमान कोसळून गेले. काम थांबले नाही. अमेरिकन शाखेतून चार्ल्स मेलिस मदतीला आले.

मायक्रोनेशियात मिशनचे विमान यायला मात्र आणखी वीस-पंचवीस वर्षे लागली. युद्धानंतर ही बेटे संयुक्त राष्ट्रांच्या विश्वस्त व्यवस्थेखाली अमेरिकेकडे होती. आधी पाण्यावर उतरणारी ग्रमन अल्बट्रॉस विमाने मुख्य बेटांदरम्यान फिरत. 1968 मध्ये एअर मायक्रोनेशिया सुरू झाली आणि प्रवाळाचा चुरा दाबून केलेल्या पट्ट्यांवर बोइंग 727 उतरू लागले. मुख्य बेटांना त्याचा फायदा झाला. बाहेरची बेटे होती तिथेच राहिली. उलट अंतर वाढल्यासारखे झाले, कारण आता यापहून ग्वामला जेटने काही तासांत जाता येई आणि उलिथीहून यापला यायला जहाजाची वाट पाहावी लागे.

ही फट जर्मनीच्या लीबेनझेल मिशनचे एडमंड कालाऊ यांना दिसली. हे मिशन विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून या बेटांवर काम करत होते. कालाऊ यांनी 1970 च्या दशकाच्या मध्यावर पोनपेईला पॅसिफिक मिशनरी एव्हिएशन सुरू केली. यापमध्येही तळ झाला. उलिथी, फाइस आणि वोलेआई ही यापकडची ठिकाणे; मोकिल आणि पिंगेलाप पोनपेईकडची. पिंगेलाप हे ते बेट, जिथे 1775 च्या सुमाराच्या वादळातून थोडीच माणसे वाचली आणि त्यांच्या वंशजांत जन्मजात रंगांधळेपणा मोठ्या प्रमाणात आढळतो. तिथेही विमान पोचले.

या कामाला सोयीचे ठरले ते ब्रिटिश बनावटीचे आयलंडर. 1965 मध्ये पहिल्यांदा उडालेले हे विमान नावाप्रमाणेच बेटांसाठी. पंख वर, चाके पक्की, दोन इंजिने, नऊएक प्रवासी आणि लहान पट्टी पुरते. दोन इंजिनांचे मोल खाली फक्त पाणी असले की कळते. या उड्डाणांचा सगळा हिशेब वजनाचा. प्रवासी आणि त्याचे सामान काट्यावर चढते. दूरच्या बेटावर इंधन मिळेलच असे नाही, म्हणून परतीचे पेट्रोलही बरोबर न्यायचे. जितके अंतर जास्त, तितकी माणसे कमी. उलिथीला पाऊण तास, वोलेआईला अडीच-तीन तास, आणि मध्येच हवा बिघडली तर उतरायला दुसरे ठिकाण जवळपास नाही. शिवाय खारा वारा धातू खातो. समुद्रावर फिरणाऱ्या विमानाची धुलाई आणि तपासणी कधीच संपत नाही.

आजाऱ्यांना आणणे हे या कामाचे सर्वांत महत्त्वाचे अंग. त्यासोबत समुद्रात भरकटलेल्या बोटी शोधणे आले. इंजिन बंद पडलेली छोटी बोट प्रवाहाबरोबर किती दूर जाईल ते सांगता येत नाही, आणि वरून पाहणारे डोळे किनाऱ्यावरच्यांपेक्षा कितीतरी अधिक समुद्र पाहतात. 1960 मध्ये ओफेलिया वादळाने उलिथी झोडपले तेव्हा असे विमान नव्हते. 31 मार्च 2015 च्या सुमारास मायसाक वादळाने उलिथी आणि फाइस पुन्हा उद्ध्वस्त केले, घरे आणि तारो या कंदाची शेते खाऱ्या पाण्याखाली गेली. तेव्हा मिशनचे विमान मदत घेऊन जाणाऱ्यांत होते.

धर्माचा प्रश्न टाळून चालणार नाही. न्यू गिनीच्या अंतर्भागात विमान आणि धर्मप्रसार हातात हात घालून गेले. 1954 मध्ये बालिएम खोऱ्यातल्या नदीवर मिशनचे विमान उतरले, ते बाहेरच्या जगाशी फार थोडा संबंध आलेल्या लोकांत धर्म नेण्यासाठीच. अशा पहिल्या पावलांबद्दल मला अस्वस्थता वाटते आणि ती मी लपवणार नाही. यापच्या बाहेरच्या बेटांवरची गोष्ट वेगळी आहे. तिथले लोक विमान येण्याच्या कितीतरी आधी ख्रिस्ती झालेले, तेही बहुतेक कॅथलिक. विमान चालवणारे प्रॉटेस्टंट. रुग्ण चढवताना पंथाचा फरक राहत नाही, निदान राहू नये. मला खरी काळजी वाटते ती दुसऱ्या गोष्टीची. एका राज्याची तातडीची रुग्णसेवा देणग्या, दूरदेशीचे वैमानिक आणि जुनी होत जाणारी एक-दोन विमाने यांवर उभी राहिली. वैमानिक परत गेला, सुटा भाग अडकला किंवा पिंपातले इंधन संपले की अंतर पुन्हा जहाजाच्या फेरीएवढे होते. रुग्णाला इस्पितळात पोचवणे हे सरकारचे काम आहे. मिशनने ते केले म्हणून ते सरकारचे नाहीसे होत नाही.

आणि सगळीकडे धावपट्टी नाहीच. यापच्या पूर्वेच्या टोकाला सातावल बेट आहे. 1976 मध्ये हवाईहून ताहितीपर्यंत ‘होकुलेआ’ ही जोडहोडी दिशा दाखवणाऱ्या कोणत्याही उपकरणाशिवाय नेणारे माऊ पियाइलुग इथलेच. सातावलला विमान उतरायला जागा नाही. तिथल्या रुग्णाला विमान गाठायचे असेल, तर आधी समुद्र ओलांडून धावपट्टी असलेल्या बेटावर यावे लागते.