जळवा पुन्हा दवाखान्यात कशा आल्या

पुण्यातल्या आयुर्वेद महाविद्यालयांत जलौकावचारण, म्हणजे जळवा लावून रक्त काढणं, शिकवतात ते सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातल्या तेराव्या अध्यायावरून. बारा जाती, त्यांतल्या सहा सविष. जळवेला आधी हळद-मोहरीच्या पाण्यात ठेवायचं, चावत नसेल तर त्वचेवर दुधाचा किंवा रक्ताचा थेंब सोडायचा. तोंड घोड्याच्या खुरासारखं झालं की ती लागली समजायचं आणि अंगावर ओलं फडकं टाकायचं. काम झाल्यावर तोंडाला तेल-मीठ लावून, शेपटीकडून पिळून ओकवायची. सात दिवस पुन्हा वापरायची नाही.

युरोपात एकोणिसाव्या शतकात फ्रेंच डॉक्टर ब्रुसेच्या मताने जवळपास प्रत्येक दुखण्याला जळवा लागू लागल्या आणि तिथली तळी रिकामी झाली. अतिरेकच तो, ओसरला तेव्हा जळूही बदनाम झाली.

तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारं काहीतरी आहे, हे 1884 मध्ये जॉन हेक्राफ्टने दाखवलं. पुढे त्याला हिरुडीन नाव मिळालं. 65 अमिनो आम्लांचं हे प्रथिन थ्रॉम्बिनला, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या विकराला, घट्ट धरून बसतं. अँजिओप्लास्टीत वापरतात ते बायव्हॅलिरुडीन हे औषध त्याच्याच नमुन्यावर घडवलेलं आहे.

जिवंत जळू परतली ती मात्र प्लास्टिक सर्जरीमुळे. 1960 मध्ये ल्युब्लियानाच्या शल्यविशारदांनी त्वचेच्या फ्लॅपवर (एका जागेवरून उचलून दुसरीकडे बसवलेल्या तुकड्यावर) जळवा लावल्याचं प्रसिद्ध केलं; 1985 मध्ये बोस्टनला जोसेफ अप्टन यांनी एका मुलाचा जोडलेला कान त्यांच्याच मदतीने वाचवला. तुटलेलं बोट किंवा कान जोडताना धमनी जुळते, पण पातळ भिंतीच्या बारीक शिरा नेहमी जुळतातच असं नाही. मग रक्त आत येतं, बाहेर पडत नाही आणि भाग जांभळा होऊन फुगतो. जळू पिते जेमतेम 5 ते 15 मिली. खरा उपयोग ती सुटल्यानंतरचा: चाव्यातून कित्येक तास रक्त पाझरत राहतं आणि नव्या शिरा तयार होईपर्यंत तेवढीच वाट मिळते. म्हणूनच हिमोग्लोबिनवर सतत लक्ष ठेवावं लागतं. जळू चावायलाच तयार नसेल तर त्वचेवर साबण किंवा जंतुनाशक राहिलंय का ते आधी बघावं. नसेल, तर धमनीतूनच रक्त येत नसण्याची शंका घ्यावी. तिथे जळवेचा उपयोग नाही.

2004 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने, जळवांना मान्यता दिली, तीही औषध म्हणून नव्हे, उपकरण म्हणून.

जळवेच्या आतड्यात एरोमोनास जिवाणू राहतात. रक्त पचवायला ते तिला लागतात, पण जखमेत गेले तर फ्लॅपच सडवतात. म्हणून आधीपासून प्रतिजैविक देतात. इथे जुनी रीत मोडावी लागते: जळू अंगावर असताना मीठ टाकलं की ती जखमेतच ओकू शकते. ओढली तर तोच धोका, शिवाय जबडा आत राहण्याची भीती. ती आपणहून सुटू द्यावी. सात दिवसांनी पुन्हा वापरणंही आता बाद. एका जळवेला एकच रुग्ण, नंतर स्पिरिटमध्ये मारून जैववैद्यकीय कचऱ्यात.

युरोपातले प्रयोग हिरुडो वंशाच्या जळवांवरचे आहेत. त्यांतही हिरुडो मेडिसिनॅलिस म्हणून विकली जाणारी जळू प्रत्यक्षात हिरुडो वर्बाना निघाली, हे 2007 मध्ये जनुकांवरून कळलं. आपल्याकडच्या डबक्यांतली मोठी जळू हिरुडिनेरिया, म्हणजे वंशच वेगळा. तिकडचे मिलिलिटर आणि मिनिटं तिला जशीच्या तशी लावता येत नाहीत.

साठवणीत मरतात त्या बहुधा नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने. पाणी दिवसभर उघडं ठेवून मगच भरावं, आणि एप्रिल-मेमध्ये मडकं सावलीत, तोंडाला घट्ट फडकं बांधून. जळू ओल्या भिंतीवरून सहज बाहेर पडते.