पालक सहभाग : बेळगाव सीमाभागातील सहावी ते आठवीच्या मराठी शाळा

सहावी ते आठवीत शिकणाऱ्या मुलाचा अभ्यास, हजेरी, आरोग्य आणि वागणूक यांची माहिती पालकांना वेळच्या वेळी मिळणे आणि शाळेच्या कारभारात त्यांना प्रत्यक्ष वाटा असणे, या दोन्ही गोष्टी पालक सहभागात येतात. बेळगाव जिल्ह्यातील बेळगाव, खानापूर व निपाणी हे तालुके आणि चिकोडी, हुक्केरी, अथणी या तालुक्यांचा काही भाग येथे मराठी माध्यमाच्या सरकारी व अनुदानित शाळा आहेत. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत हा प्रदेश मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. आज येथील मूल मराठीत शिकते आणि त्याच्या शाळेचा सरकारी कारभार कन्नडमधून चालतो. पालक आणि शाळा यांच्या नात्यातील बऱ्याच अडचणी व बरीचशी ताकदही या स्थितीतून आली आहे.

कायद्याची चौकट

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या २१ व्या कलमानुसार शाळेच्या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असाव्या लागतात. शाळेच्या कामावर लक्ष ठेवणे, विकास आराखडा तयार करणे आणि अनुदान कसे खर्च होते ते पाहणे ही समितीची कामे आहेत. कर्नाटकात अशी समिती त्याआधीच, २००१ पासून, एसडीएमसी (स्कूल डेव्हलपमेंट अँड मॉनिटरिंग कमिटी) या नावाने अस्तित्वात होती. सीमाभागातील मराठी गावांत तिला शाळा सुधारणा समिती म्हणतात. खासगी अनुदानित शाळांत मात्र २०१२ च्या दुरुस्तीनंतर समितीचे काम सल्ला देण्यापुरते राहिले.

समितीची चर्चा गावोगाव होते. याच कायद्यातील २४ व्या कलमाकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. त्यानुसार पालकांशी नियमित बैठका घेणे आणि मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता व प्रगती त्यांना सांगणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. माझे मूल कसे शिकते आहे, असे विचारणारा पालक शाळेकडे मेहेरबानी मागत नसतो. कायद्याने द्यायची ठरलेली माहितीच तो मागत असतो. सीमाभागातील प्रत्येक पालकापर्यंत हे एवढे पोहोचले तरी बरेच काही बदलेल.

माध्यम निवडण्याच्या बाबतीतही पालकांचा अधिकार न्यायालयाने मान्य केला आहे. पहिली ते चौथीचे शिक्षण मातृभाषेतून किंवा कन्नडमधून सक्तीने देण्याचे कर्नाटक सरकारचे १९९४ चे धोरण सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ मे २०१४ रोजी रद्द ठरवले. मुलाच्या वतीने माध्यम ठरवण्याचा हक्क पालकांचा आहे, असे त्या निकालात म्हटले आहे. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याच्या पुरेशा सोयी देण्याची जबाबदारी राज्यघटनेच्या ३५० अ या अनुच्छेदाने राज्यांवर टाकलेली आहे.

हाच टप्पा अवघड का

कर्नाटकात प्राथमिक शाळा परंपरेने सातवीपर्यंत आणि हायस्कूल आठवीपासून असते. काही सरकारी शाळांना आठवीचा वर्ग जोडला गेला, पण बहुतेक गावांत जुनीच रचना चालू आहे. लहान वाड्या-वस्त्यांवरच्या शाळा तर पाचवीलाच संपतात. त्यामुळे सहावी, सातवी, आठवी ही तीन वर्षे अनेक मुले दोन शाळांत काढतात. गावातल्या शाळेत गुरुजी किंवा बाई पालकांना नावाने ओळखतात. पाणवठ्यावर, बाजारात, देवळाच्या पायरीवर मुलाबद्दल दोन शब्द सहज होतात. आठवीत मूल बसने दुसऱ्या गावच्या हायस्कूलला जाऊ लागले की हे बोलणे थांबते. तिथे प्रत्येक विषयाला वेगळे सर असतात आणि त्यांपैकी कोणालाच पालकांनी पाहिलेले नसते. मूल नेमके वयात येत असते, मित्रमंडळींकडे ओढले जात असते, घरी कमी बोलत असते. तेव्हाच घर आणि शाळा यांच्यातला धागा सुटतो.

अभ्यासाचेही तसेच होते. मराठी, कन्नड व इंग्रजी अशा तीन भाषा एकाच दप्तरात असतात. चौथी-पाचवीपर्यंत मुलाचा अभ्यास घेणारी आई सहावीचे गणित आणि कन्नडचे पुस्तक पाहून मागे सरते. आपल्याला येत नाही, तेव्हा शाळेत जाऊन काय बोलणार, अशी भीड तिला वाटते. खरे तर शिकवणे हे पालकाचे काम नाही. वही रोज उघडून पाहणे, आज वर्गात काय झाले ते विचारणे, मूल वर्गात गेले की वाटेतच थांबले हे ठाऊक असणे, एवढे निरक्षर आजीलाही जमते आणि त्याचा उपयोग होतो.

माहिती कशी पोहोचते

राज्यातील मूल्यमापन पद्धतीत वर्षभरात चार आकारिक व दोन संकलित चाचण्या होतात. शाळेत त्यांना एफए आणि एसए म्हणतात. गुणांऐवजी श्रेणी देण्याची पद्धत आहे. ‘बी प्लस’ म्हणजे मुलाला नेमके काय येते आणि काय येत नाही, हे प्रगतिपत्रकावरून घरी कळत नाही. सरकारी शाळांत होणाऱ्या ‘समुदायदत्त शाळे’ या कार्यक्रमात पालकांना बोलावून मुलांच्या उत्तरपत्रिका व काम दाखवले जाते. श्रेणीपेक्षा उत्तरपत्रिका कितीतरी जास्त सांगते. भागाकारात मूल कुठे चुकते, कन्नड जोडाक्षरे कुठे गळतात, हे पाहून शिक्षक व पालक दहा मिनिटे बोलले तर त्या दिवसाचे सार्थक होते. तेवढा वेळ न देता फक्त सही घेतली, तर पालकाचा बुडालेला रोज वाया जातो आणि पुढच्या वेळी तो येत नाही.

एरवीच्या पालक सभेत बोलणे बहुधा इमारतीवर, गळक्या छपरावर, माध्यान्ह आहारावर आणि शिक्षकांच्या कमतरतेवर होते. हे विषय खरेच महत्त्वाचे आहेत. पण चारचौघांत स्वतःच्या मुलाबद्दल विचारायला पालक बिचकतो आणि मूल मागे पडले असेल तर आणखीच बिचकतो. म्हणून सभा संपल्यावर वर्गशिक्षकाने एकेका घराशी वेगळे बोलावे, हा साधा उपाय आहे. सातवीतल्या मुलीच्या पाळीबद्दल, तिच्या वाटेवरच्या सुरक्षिततेबद्दल किंवा शाळेत आठवड्याला मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्यांबद्दल आई सर्वांसमोर बोलत नाही, पण माता पालक सभेत बाईंशी मोकळेपणाने बोलते.

दुसरी वाट मुलाच्या हातून जाणाऱ्या निरोपाची. येथे सीमाभागाची खास अडचण पुढे येते. शाळेचा निरोप मराठीत असला तरी शिष्यवृत्तीचे अर्ज, संमतिपत्रे, नाडकचेरीतून (तालुक्याखालच्या महसूल कार्यालयातून) आणायचे जात व उत्पन्नाचे दाखले ही सारी कागदपत्रे कन्नडमध्ये असतात. घरात कन्नड वाचता येणारे बहुधा तेच सातवीतले मूल असते. त्यामुळे ज्याच्याबद्दलचा कागद, तोच त्याचा वाचक आणि अर्थ सांगणारा होतो. यात लबाडी क्वचितच असते. पण तेरा वर्षांच्या मुलावर हे ओझे टाकणे योग्य नाही. ज्या शाळेत मुख्याध्यापक अशा कागदाचा मराठी गोषवारा फळ्यावर लिहून ठेवतात किंवा वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर पाठवतात, तिथे पालकांना मुलावर विसंबून राहावे लागत नाही.

भ्रमणध्वनीवरचे व्हॉट्सॲप गट आता बहुतेक वर्गांना आहेत. खानापूर तालुक्यातून कामाला गोव्यात गेलेल्या बापाला त्यामुळे शाळेची खबर मिळते, ही मोठी सोय झाली. मात्र घरातला एकमेव फोन त्याच्याचजवळ असेल, तर गावात मुलांपाशी राहणाऱ्या आईला काहीच कळत नाही. अशा घरांसाठी शेजारच्या पालकाकडे निरोप देणे किंवा थेट घरी जाणे हेच खात्रीचे. लिहिलेल्या सूचनेपेक्षा बोलून पाठवलेली सूचना जास्त घरांत पोहोचते.

कामाचे दिवस आणि सभेची वेळ

शाळा मे महिन्याच्या अखेरीस सुरू होतात. पहिली पालक सभा जून-जुलैत ठेवली की ती भाताच्या लावणीत सापडते. या पट्ट्यात भात हेच खरिपाचे मुख्य पीक. लावणीचा चिखल सोडून दुपारी शाळेत येणे कोणालाच परवडत नाही. बेळगुंदी परिसरात रताळ्याचा हंगाम, पुढे सुगी, निपाणीकडे तंबाखू आणि ऊस, असे प्रत्येक गावाचे वेगळे पंचांग असते. वडगाव, शहापूर, खासबाग येथील यंत्रमागावरचे आणि उद्यमबागेतल्या कारखान्यांत पाळीने काम करणारे पालक दिवसाच्या कोणत्या वेळी मोकळे असतात, हे त्यांनाच विचारावे लागते. निपाणीच्या विडी कामगार बायकांना तर बसल्या जागेवरून उठले की त्या दिवसाची मजुरी कमी होते.

तारीख कार्यालयातून ठरण्याऐवजी गावातून ठरली तर उपस्थिती वाढते. अनेक गावांत ठरावीक दिवस ‘वार’ पाळतात आणि शेतीकाम बंद ठेवतात; सभेसाठी तो दिवस उत्तम. शनिवारी शाळा सकाळची असते, तेव्हा दुपार शिक्षकांनाही मोकळी मिळते. परगावी कामाला असलेले वडील गणपतीला घरी येतात. त्या आठवड्यात मुलाच्या पहिल्या सहामाहीबद्दल त्यांच्याशी बोलून घ्यावे. कर्नाटकात मोठी सुट्टी दसऱ्याला पडते, तर सीमेपलीकडच्या महाराष्ट्रातील नातेवाइकांच्या शाळांना दिवाळीला. दिवाळीत मामाच्या गावी गेलेले मूल मग शाळा उघडल्यावरही चार-आठ दिवस परत येत नाही. वर्षाच्या सुरुवातीलाच सुट्ट्यांचा तक्ता घरी गेला तर ही गैरहजेरी टळू शकते.

जून २०२३ पासून शक्ती योजनेमुळे कर्नाटकातील महिलांना राज्याच्या साध्या बसमधून मोफत प्रवास करता येतो. दूरच्या हायस्कूलला मुलीला पाठवणे आणि आईने स्वतः सभेला जाणे, या दोन्ही गोष्टींत बसभाड्याची अडचण त्यामुळे दूर झाली. बसची वेळ हा प्रश्न मात्र शिल्लक आहे, विशेषतः खानापूरच्या पश्चिमेकडे कणकुंबी, जांबोटी व भीमगड अभयारण्यातील गावांत. पावसाळ्यात ओढे-नाले भरले की तेथील काही वाड्यांचा संपर्कच तुटतो. अशा दिवसांत मुलाची गैरहजेरी पालकाच्या हलगर्जीपणात मोजणे अन्यायाचे आहे.

गाव म्हणून सहभाग, पालक म्हणून सहभाग

सीमाभागातील मराठी माणसाने आपल्या शाळांसाठी पदराला खार लावून बरेच केले आहे. वर्गखोल्यांसाठी जागा देणे, माजी विद्यार्थ्यांनी बाके व संगणक आणणे, युवक मंडळाने भिंती रंगवणे, हे गावोगाव दिसते. शिक्षक नसले की पालक क्षेत्र शिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयावर जातात, प्रसंगी शाळेला टाळे ठोकतात. अतिथी म्हणजे तात्पुरत्या, मानधनावरच्या शिक्षकांवर चालणाऱ्या शाळांत ही वेळ वारंवार येते. येळ्ळूर, कडोली, उचगाव अशा गावांत भरणाऱ्या मराठी साहित्य संमेलनांच्या ग्रंथदिंडीत शाळेची मुले असतात आणि त्यांना पाहायला सारे घर येते. शाळा टिकली तर मराठी टिकेल, ही भावना यामागे आहे आणि ती खरी आहे.

तरीही शाळेसाठी मोर्चात चालणारा पालक आपल्या मुलाच्या वर्गशिक्षकासमोर वर्षातून एकदाही बसलेला नसतो, असे पुष्कळदा आढळते. शाळा गावाची म्हणून जपली जाते. तिच्यातले एकेक मूल काय शिकते याची चौकशी मागे राहते. पटसंख्या घटत असताना हे अधिकच जाणवते. पालक मूल इंग्रजी माध्यमात घालतात, त्याचे एक कारण असे की तिथल्या शाळा दर महिन्याला डायरी पाठवतात, बोलावतात, कळवतात. मराठी शाळेतला शिक्षक अनेकदा अधिक कळकळीने शिकवतो, पण ते घरी कळवत नाही. कळवण्याला पैसा लागत नाही.

ठरवायच्या गोष्टी

या तीन वर्षांत काही निर्णयांच्या तारखा ठरलेल्या असतात आणि त्या चुकल्या तर परत येत नाहीत. नवोदय विद्यालय, मोरारजी देसाई निवासी शाळा, आदर्श विद्यालय आणि कित्तूर येथील मुलींची सैनिकी शाळा यांचे प्रवेश सहावीला होतात. त्यामुळे माहिती पाचवीतच हवी. आठवीत राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा असते. सरकारी वा अनुदानित शाळेतील, सातवीत किमान ५५ टक्के गुण असलेल्या आणि साडेतीन लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरातील मुलांना ती देता येते (अनुसूचित जाती-जमातींना गुणांत सवलत आहे). निवड झाल्यास नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. उत्पन्नाचा दाखला वेळेत काढायचा तर पालकाला हे काही महिने आधी समजले पाहिजे.

प्रत्येक विद्यार्थ्याची नोंद राज्याच्या सॅट्स या संगणक प्रणालीत असते आणि ‘अपार’ या देशपातळीवरच्या विद्यार्थी ओळख क्रमांकासाठी पालकाची लेखी संमती लागते. शाळेचे रजिस्टर, आधार कार्ड आणि जातीचा दाखला यांत नाव, आडनाव व जन्मतारीख सारखी असावी लागते. मराठी नाव कन्नडमध्ये आणि मग इंग्रजीत लिहिताना वेलांटी, ‘ळ’ किंवा आडनाव बदलून जाते. दहावीच्या प्रमाणपत्रावर हीच नोंद उतरते आणि नंतरची दुरुस्ती फार दगदगीची असते. सातवीचा दाखला हायस्कूलला देण्यापूर्वी पालकांनी शाळेत जाऊन ही नोंद अक्षर न् अक्षर वाचून घ्यावी, आणि वाचता येत नसेल तर गुरुजींकडून मोठ्याने वाचवून घ्यावी.