बारा व्होल्टानं काय हुतंय?

साताऱ्यात किंवा सांगलीत एखाद्या ऑटो इलेक्ट्रिशियनला सांगा, की टेम्पो ट्रॅव्हलरच्या मागच्या भागात राहायची सोय करतोय. फ्रिज, पंखा, दिवे, पाण्याचा छोटा पंप आणि मोबाइल चार्जिंग असं सगळं बसवायचंय. माणूस कामाला तयार असतो. वायर सोलता सोलता म्हणतो, "काळजी करू नका साहेब, बारा व्होल्टानं काय हुतंय?" त्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. गाड्यांना आगी लागतात त्या उरलेल्या अर्ध्यामुळे.

खरं अर्धं आधी बघू. कोरड्या हाताचा रोध हजारो ओहम असतो. १२ व्होल्टचा दाब त्यातून जेमतेम एक-दोन मिलिअँपिअर ढकलतो, तो जाणवतही नाही. पण त्याच बॅटरीच्या दोन टोकांवर लोखंडी पाना आडवा पडला तर? पान्याचा रोध नगण्य, त्यामुळे क्षणात शेकडो अँपिअर वाहतात, ठिणगी उडते आणि पान्याला वितळलेला खड्डा पडतो. म्हणून बॅटरीला हात घालण्याआधी हातातलं कडं आणि बोटातली अंगठी काढून खिशात टाकायची. कडं मध्ये आलं तर शॉक बसत नाही, कडं मनगटावरच तापून लाल होतं.

म्हणजे गाडीत भीती झटक्याची नाही, उष्णतेची आहे. आणि व्होल्टेज कमी असतं म्हणूनच ती वाढते. वॉट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. घरी २३० व्होल्टवर १,००० वॉटचं काही लावलं, तर वायरीतून साडेचार अँपिअरच्या आत करंट जातो. तेवढंच काम १२ व्होल्टवर करून घ्यायचं तर ८३ अँपिअर लागतात, म्हणजे एकोणीस पट. वायर तापते ती करंटच्या वर्गाच्या प्रमाणात. तेव्हा त्याच वायरीत उष्णता एकोणीस पट नाही, साडेतीनशे पटींहून जास्त होते.

हे शास्त्र आपल्याकडच्या शेतकऱ्याला पुस्तकाशिवाय माहीत आहे. डीपीपासून (ट्रान्सफॉर्मरपासून) लांब, लाइनच्या शेवटी ज्याची विहीर, त्याची मोटर संध्याकाळी नुसती घुं घुं करते, उचलत नाही. वीज असते, पण लांब वायरीच्या रोधात वाटेतच व्होल्टेज खाल्लं गेलेलं असतं. यावरचा मोठा उपाय म्हणजे व्होल्टेज चढवून वीज न्यायची. कोयनेची वीज दोन लाखांहून जास्त व्होल्टला चढवून लांब पाठवतात ती याचसाठी. गाडीत ती सोय नाही. बॅटरी १२ व्होल्टची, उपकरणं १२ व्होल्टची. हातात दोनच गोष्टी उरतात: वायर जाड घ्या आणि अंतर कमी ठेवा.

किती जाड, ते एका फ्रिजवर करून बघू. कॉम्प्रेसरचा १२ व्होल्टचा छोटा फ्रिज चालताना साधारण ५ अँपिअर घेतो. बॅटरी ड्रायव्हरच्या सीटखाली, फ्रिज मागे, वायर पत्र्याच्या कडेनं फिरवत नेली तर ५ मीटर. पण करंटला परतही यायचं असतं, म्हणून हिशोब १० मीटरचा. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला ०.०१७५ ओहमच्या आसपास असतो. घरातल्या दिव्यांना वापरतात ती 'एकची' वायर टाकली, तर १० मीटरला ०.१७५ ओहम, गुणिले ५ अँपिअर, म्हणजे जवळजवळ ०.९ व्होल्ट वाटेतच गेले. 'चारची' टाकली तर ०.२२ व्होल्ट. घरात २३० मधून ०.९ गेले तर कुणाला पत्ताही लागत नाही. इथे बॅटरीवर १२.२ असतील तर फ्रिजला ११.३ मिळतात, आणि कॉम्प्रेसर सुरू होताना करंट उसळतो तेव्हा आणखी कमी. बहुतेक फ्रिजमध्ये बॅटरी वाचवायला ठरावीक व्होल्टेजखाली बंद पडायची सोय असते. तो बंद पडतो. बंद पडला की करंट थांबतो, वायरीतली घट नाहीशी होते, व्होल्टेज वर येतं आणि फ्रिज पुन्हा सुरू होतो. मग पुन्हा बंद. रात्रभर हा खेळ चालतो, सकाळी दूध नासलेलं असतं आणि शिव्या बॅटरीच्या दुकानदाराला बसतात. बॅटरीत अजून निम्मा जीव शिल्लक असतो.

या उदाहरणात वायर तापत नाही, फक्त काम बिघडतं. तापायची गोष्ट इन्व्हर्टरपासून सुरू होते. मिक्सर किंवा छोटी इंडक्शन शेगडी चालवायला १,००० वॉटचा इन्व्हर्टर बसवला, तर त्याची स्वतःची नासाडी धरून तो बॅटरीकडून ९३ अँपिअर ओढतो. बॅटरीपासून फक्त मीटरभरावर असला आणि 'सहाची' वायर जोडली (दुकानात ती चांगली जाडजूड दिसते), तर जाऊन-येऊन दोन मीटर वायरीत ५० वॉटची उष्णता तयार होते. म्हणजे दर मीटरला एक २५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न, प्लायवूडच्या आत, फोमला टेकून. तिथे ३५ चौरस मिलिमीटरची केबल लागते. महाग पडते, आणि वळवताना हात दुखतात. दुसरा उपाय मला जास्त पटतो: गाडीत मिक्सर नेऊ नये. खलबत्त्यात वाटलेली चटणी तशीही चांगली लागते.

वायरीपेक्षा जोड जास्त दगा देतात. दोन शतांश ओहम रोध साध्या मल्टिमीटरवर धड मोजताही येत नाही. पण इन्व्हर्टरच्या केबलचं थिंबल (टोकाला दाबून बसवायचा धातूचा जोड) ढिलं राहून तेवढा रोध आला, तर ९३ अँपिअरला त्या एका ठिकाणी १७० वॉटपेक्षा जास्त उष्णता होते, आणि जागा असते अंगठ्याएवढी. त्यामुळे थिंबल दाबणं हे काम बघण्यासारखं असतं. साध्या पकडीनं चेपलेलं थिंबल वरून ठीक दिसतं. करवतीनं मधून कापलं की आत तारांमध्ये काळ्या फटी दिसतात. योग्य मापाच्या हायड्रॉलिक क्रिम्परनं दाबलेलं कापलं, तर आत सलग तांबं दिसतं, तार कुठली आणि थिंबल कुठलं हे ओळखू येत नाही. दोन्ही हातांनी जोर लावून ओढलं तरी सुटत नाही. बारीक वायरींना नुसता डाग देऊन, म्हणजे सोल्डर करून भागवायची पद्धत आपल्याकडे आहे. रेडिओत ती चालते. गाडीत सोल्डर जिथे संपतं तिथे तार ताठ होते, आणि खड्ड्यांच्या हादऱ्यांनी नेमकी तिथेच तुटते.

आता फ्यूज. फ्यूज फ्रिजला वाचवायला असतो असा समज पक्का आहे. तो वायरीला वाचवायला असतो. पत्र्यातल्या भोकातून गेलेली वायर घासून घासून सोलली आणि बॉडीला टेकली (बॅटरीचं मायनस टोक बॉडीलाच जोडलेलं असतं) की मधे रोध असा काही उरतच नाही. लेड-अॅसिड बॅटरी अशा वेळी शेकडो अँपिअर देते, लिथियम तर हजारांत जाते. म्हणून फ्यूज बॅटरीच्या प्लस टोकापासून वीतभर अंतराच्या आत हवा. फ्यूजच्या अलीकडच्या वायरीला कुणी वाली नसतो. त्याचा आकडा उपकरणाच्या करंटपेक्षा जास्त आणि वायरीला सोसेल त्यापेक्षा कमी असावा: ५ अँपिअरचा फ्रिज, 'चारची' वायर, १० किंवा १५ अँपिअरचा फ्यूज. सारखा उडतो म्हणून ३० चा घातला, की पुढच्या वेळी जळायचं काम वायर करते. प्रत्येक भोकाला रबरी ग्रोमेट, म्हणजे कडेवर बसणारी चकती, घाला. दहा रुपयांच्या वस्तूनं निम्मी काळजी मिटते.

घरातला एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) इथे बसवायचा मोह आवरा. घरातला एसी करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे स्विच उघडताना उडालेली ठिणगी आपोआप विझते. बॅटरीचा आणि सोलरचा डीसी शून्यावर येतच नाही. सोलरच्या ४० व्होल्टला तर ठिणगी जळत राहू शकते. डीसीसाठी बनवलेलाच ब्रेकर घ्यायचा.

बॅटऱ्या दोन हव्यात. गाडीची मूळ बॅटरी सेल मारण्यासाठी बनवलेली असते: आत पातळ पट्ट्या, काही सेकंद प्रचंड करंट, लगेच पुन्हा भरणं. रात्रभर थोडा थोडा करंट काढून ती उतरवत गेलात, तर काही महिन्यांत बाद होते, आणि कासच्या वाटेवर पहाटे गाडी ढकलायला माणसं मिळत नाहीत. राहण्याच्या सोयीची बॅटरी वेगळी, खोलवर उतरणं सोसणारी. ट्युब्युलर लेड-अॅसिड स्वस्त, पण जड आणि निम्मीच वापरायची. लिथियम आयर्न फॉस्फेट महाग, हलकी, ८० टक्क्यांपर्यंत बिनधास्त वापरता येते. फ्रिज, पंखा, दिवे मिळून दिवसाला साधारण ७५ अँपिअर-तास जातात. म्हणजे १०० ची लिथियम किंवा १५० ची ट्युब्युलर.

ती भरायची कशी, इथे नव्या गाड्यांनी जुनी युक्ती मोडीत काढली आहे. पूर्वी एक रिले (आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच) पुरायचा: इंजिन सुरू झालं, व्होल्टेज १३.३ च्या वर गेलं की दोन्ही बॅटऱ्या जोडायच्या, उतरलं की तोडायच्या. एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे गाड्यांच्या धुराचे नियम लागू झाले. या पिढीच्या बऱ्याच गाड्यांत इंधन वाचवायला अल्टरनेटरचं (इंजिनवर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राचं) व्होल्टेज संगणक खालीवर करतो. खंबाटकी उतरताना वाढवतो, सपाटीला कमी करतो. रिलेला वाटतं इंजिन बंद झालं. शिवाय लिथियम बॅटरी जेवढा मिळेल तेवढा करंट ओढते, आणि अल्टरनेटरचा पंखा इंजिनच्या वेगावर फिरतो. उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालू ठेवून बॅटरी भरायला गेलं तर अल्टरनेटर भाजून निघतो. मध्ये डीसी-डीसी चार्जर, म्हणजे येणारं व्होल्टेज कमी-जास्त झालं तरी बॅटरीला ठरावीकच करंट देणारी पेटी, बसवला की दोन्ही प्रश्न सुटतात. ३० अँपिअरचा चार्जर असेल तर सातारा ते सांगली या सव्वाशे किलोमीटरच्या अडीच तासांत ७५ अँपिअर-तास भरतात, दिवसाचा पुरा शिधा. साताऱ्याहून कासला गेलात तर तासभरात तीसच.

उरलेलं टपावरच्या सोलरवर. सातारा साडेसतरा अंशांच्या थोडं वर, सांगली सतराच्या थोडं खाली. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य दुपारी नेमका डोक्यावर येतो, तेव्हा टपावर आडवं ठेवलेलं पॅनेल अगदी योग्य कोनात असतं. गंमत अशी, की तेव्हाच ते सर्वांत जास्त तापतं. पॅनेलवर छापलेले वॉट २५ अंश तापमानाचे असतात. त्यापुढे दर अंशाला सुमारे ०.४ टक्के घट. जत किंवा आटपाडीच्या उन्हात पॅनेल ६५ अंशांवर गेलं, की १६ टक्के तिथेच गेले. म्हणून ते टपाला चिकटवू नये, खालून वारा खेळेल एवढी फट ठेवावी. डिसेंबरात हवा गार, पण सूर्य दुपारीही क्षितिजापासून ४९ अंशच वर, म्हणून आडव्या पॅनेलला ऊन पाऊणच मिळतं. आणि पावसाळ्यात एकाच सातारा जिल्ह्यात दोन देश असतात. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस, जुलैत दिवसचे दिवस धुकं, सोलर नावापुरतं. तेव्हाच माण-खटावच्या बाजूला पॅनेल बऱ्यापैकी चालतं. सावली हा तिसरा शत्रू. पॅनेलमधले सेल एकामागे एक जोडलेले असतात, एकावर वडाच्या फांदीची सावली पडली तरी त्या रांगेचा करंट अडतो. गाडी सावलीत लावायची की पॅनेल उन्हात ठेवायचं, हे भांडण प्रत्येक दुपारी होतं.

इन्व्हर्टरमधून निघणारे २३० व्होल्ट मात्र खरोखर जीव घेतात. गाडी रबरी टायरवर उभी, तिला जमिनीची अर्थिंग नाही. इन्व्हर्टरचा न्यूट्रल बॉडीला योग्य रीतीनं बांधलेला नसेल तर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवूनही तो शोभेचा राहतो. एवढं काम परवाना असलेल्या वायरमनकडूनच करून घ्या. आणि गाडीत बदल करण्याआधी आरटीओत विचारा. मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ त्यासाठीच आहे, आणि आरसी बुकात नोंद नसेल तर अपघातानंतर विमा कंपनीशी वाद ठरलेला.

काम झाल्यावर पैसे देण्याआधी एक तपासणी स्वतः करा. फ्रिज चालू ठेवा. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या प्लसला आणि दुसरं फ्रिजच्या प्लसला लावा. आकडा येईल तो फक्त त्या वायरीत आणि तिच्या जोडांत हरवलेल्या व्होल्टचा. मग तसंच मायनसच्या बाजूनं. 'चारची' वायर आणि नीट दाबलेली थिंबलं असतील तर दोन्ही मिळून पाव व्होल्टच्या आसपास दिसायला हवं. एका बाजूला अर्धा व्होल्ट दिसला तर जोड एकेक करत मोजत जा. मायनसची, म्हणजे अर्थची वायर रंग न खरवडता बॉडीवर बोल्टनं आवळलेली असते, तिथे बहुधा तो सापडतो.