चाळिशीचा झटका की चुकलेला अंदाज?

चव्वेचाळिसाव्या वर्षी मी गिटार शिकायला घेतली तर घरी, ऑफिसात सगळ्यांचं एकच निदान, मिडलाइफ क्रायसिस, म्हणजे चाळिशीचा झटका. एवढं फुकटात निदान मिळतंय म्हटल्यावर जरा खोदून बघितलं.

हा शब्द रुजवला एलियट जॅक्स या मनोविश्लेषकाने, १९६५ च्या एका निबंधात. त्याचा बराचसा आधार म्हणजे मोठमोठ्या कलावंतांची चरित्रं. आता मोझार्ट पस्तिशीत गेला, राफाएल सदतिसाव्या वर्षी, यावरून बँकेतल्या माणसाबद्दल काय कळणार? पण शब्द आकर्षक होता, चिकटला. पुढे १९९० च्या दशकात अमेरिकेत मोठी पाहणी झाली, त्यात साधारण चौघांतल्या एकाने 'हो, मला आला होता' असं सांगितलं. कारणं विचारली तर घटस्फोट, नोकरी जाणं, आजारपण. हे सगळं तिशीत पण होतंच की.

म्हणजे थोतांड? तेही नाही. लोकांना 'तुम्ही आयुष्यावर ० ते १० पैकी किती समाधानी आहात?' असं विचारून वयानुसार आलेख काढला तर बऱ्याच देशांत तो इंग्रजी यू अक्षरासारखा येतो, तळ साधारण पंचेचाळीस-पन्नासच्या आसपास. म्हणजे दरीबिरी नाही, उथळ खड्डा.

खड्डा का पडतो याचं मला सगळ्यात आवडलेलं उत्तर जर्मनीतून आलंय. तिथे दरवर्षी त्याच त्याच लोकांना प्रश्न विचारतात. १९९१ ते २००४ मध्ये त्यात दोन प्रश्न होते, आज किती समाधानी आहात आणि पाच वर्षांनी किती असाल? हानेस श्वांट या अर्थतज्ज्ञाने काय केलं, तर जवळजवळ २३ हजार लोकांचे अंदाज घेतले आणि पाच वर्षांनी त्याच लोकांनी प्रत्यक्षात काय आकडा सांगितला तो शेजारी ठेवला. समजा सत्तावीस वर्षांच्या कुणी लिहिलं, आज ७, पाच वर्षांनी ८. बत्तिसाव्या वर्षी निघाले ७. परिस्थिती वाईट झालेली नाही, पण हिशेबात एक कमी, आणि तो एकच बोचतो. तरुणपणी हा अंदाज सतत वरच्या बाजूला चुकतो. चुकून चुकून माणूस अपेक्षा खाली आणायला लागतो, आणि गोची अशी की चाळिशीत दोन्ही एकदम अंगावर येतं, मागची निराशा अजून शिल्लक आणि पुढची आशा आधीच उतरलेली. म्हाताऱ्यांचं उलटं, ते ६ धरून बसतात आणि ७ निघतात. म्हणजे चूक तीच, फक्त चिन्ह बदललं.

आता एक किचकट भाग, कंटाळा आला तर सोडून द्या. एकाच वर्षी वेगवेगळ्या वयाच्या लोकांना विचारलं तर फरक वयाचा की पिढीचा हे कळत नाही. त्यातून लग्न, उत्पन्न, तब्येत यांचा परिणाम गणितातून वगळायचा की ठेवायचा यावर यूची खोली बदलते, आणि संशोधक यावर अजून भांडतायत.

गंमत म्हणजे २०१२ मध्ये ५०८ चिंपांझी आणि ओरांगउटानांमध्येही असाच यू सापडला. अर्थात गुण देणारे त्यांना सांभाळणारे लोक, आणि त्यांच्या फॉर्मवर एक प्रश्न असा, की आठवडाभर तुम्ही हा प्राणी झालात तर किती सुखी असाल? चिंपांझी पाच वर्षांनंतरचा आकडा लिहीत नाहीत, त्यामुळे नुसत्या अपेक्षांवर सगळं ढकलता येत नाही. ज्योतिषी मात्र खुशाल युरेनसवर ढकलतात, त्याची फेरी ८४ वर्षांची, म्हणून ४२ ला तो जन्मावेळच्या जागेच्या बरोब्बर समोर येतो म्हणे. हा ग्रह १७८१ मध्ये सापडला, त्याआधीच्या ज्योतिष्यांनी चाळिशी कशावर खपवली असेल देव जाणे.

मग करायचं काय? अशक्य झालेलं ध्येय सोडून दुसरं धरणारे जास्त बरे राहतात असं संशोधनात दिसतं. नुसतं सोडणं नाही हं, दुसरं धरणं पण. पण दोन आठवडे रोज उदास, झोप-भूक बिघडलेली, कशातच मन नाही असं असेल तर वयाच्या नावावर खपवू नका, डॉक्टर गाठा. थायरॉइड, रजोनिवृत्ती, डिप्रेशन, काहीही असू शकतं.

आमच्या गिटारवर एफ कॉर्ड अजून लागत नाही. पाच वर्षांनी किती वाजवता येईल ते वहीत लिहून ठेवलंय, १० पैकी ३.