घटत्या मागणीतील विमानभाडे

घटत्या मागणीतील विमानभाडे : प्रवाशांची संख्या अचानक रोडावली की विमान कंपन्या तिकिटांचे दर आणि विक्रीला ठेवलेली आसने यांत जे फेरफार करतात, ती पद्धत. महसूल व्यवस्थापनाचा (यील्ड मॅनेजमेंट), म्हणजे तीच आसने वेगवेगळ्या दरांनी विकून जास्तीत जास्त उत्पन्न मिळवण्याच्या तंत्राचा, हा भाग होय.

विमानाने धावपट्टी सोडली की रिकाम्या आसनाचे मोल शून्य होते. एका जादा प्रवाशावर होणारा खर्चही किरकोळ असतो. त्यामुळे मागणी घसरली की तिकिटे मिळेल त्या भावाने विकली जातील, असा सर्वसाधारण समज आहे. व्यवहारात मात्र दरपत्रकाला शक्यतो हात लावला जात नाही. एकाच केबिनमधली आसने अनेक भाडेवर्गांत विभागलेली असतात, आणि कोणता वर्ग किती दिवस उघडा ठेवायचा यावरच सारी मदार असते. समजा, १८० आसनांच्या विमानाची तीन आठवडे आधी ९० तिकिटे जायला हवी होती आणि ५० च गेली. अशा वेळी संगणकप्रणाली बंद केलेला स्वस्त वर्ग पुन्हा उघडते. ग्राहकाला भाडे उतरलेले दिसते. कंपनीच्या लेखी त्या वर्गाचा दर कालही तोच होता.

यामागचे गणित बीओएसी या ब्रिटिश कंपनीतील केन लिटलवुड यांनी १९७२ मध्ये मांडले. महाग भाडे १०० आणि स्वस्त ४० असेल, तर महाग गिऱ्हाईक येण्याची शक्यता ४० टक्क्यांहून जास्त असेपर्यंतच आसन राखून ठेवावे. शक्यता ३० टक्क्यांवर आली की राखलेल्या आसनाचे अपेक्षित उत्पन्न ३० उरते. मग ते ४० ला देऊन टाकणे शहाणपणाचे.

अडचण अशी की ही शक्यता जुन्या बुकिंगवरून काढतात. २०२० मध्ये जागतिक हवाई प्रवास आदल्या वर्षाच्या तुलनेत सुमारे ६६ टक्क्यांनी घटला, तेव्हा जुने आकडे कुचकामी ठरले आणि विश्लेषकांना अंदाज हाताने बदलावे लागले. शिवाय लोक भीतीने किंवा बंद सीमांमुळे घरी बसले असतील, तर स्वस्ताई त्यांना बाहेर काढत नाही. जो एरवीही जाणारच होता, त्याला फक्त कमी पैसे पडतात. उघड दरकपात केली तर प्रतिस्पर्धीही लगेच तेवढीच करतात आणि सगळ्यांचेच उत्पन्न बुडते. म्हणून सवलत आडवाटेने दिली जाते : तारीख बदलण्याचे शुल्क माफ, कूपन किंवा जादा माइल्स (पुढच्या प्रवासासाठी वापरता येणारे गुण).

घसरण लांबली की दरांपेक्षा फेऱ्यांवर कात्री चालते. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर अमेरिकेतील अनेक मोठ्या कंपन्यांनी सुमारे २० टक्के उड्डाणे कमी केली. सकाळच्या दोन अर्ध्या रिकाम्या फेऱ्यांची एक केली की विमान भरते, स्वस्त वर्ग बंद होतो आणि मागणी पडलेली असतानाही त्या मार्गाचे भाडे चढू शकते. गर्दीच्या विमानतळांवर मात्र फेऱ्या कापणे सोपे नसते. तेथे उड्डाणासाठी व उतरण्यासाठी मिळालेल्या वेळांपैकी किमान ८० टक्के वापरल्या नाहीत, तर पुढच्या हंगामात त्यांवरचा हक्क जातो. या नियमापायी विमाने रिकामी उडू लागल्यावर युरोपीय संघाने मार्च २०२० मध्ये तो स्थगित केला.