जन्माआधीचं हिमोग्लोबिन

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार घेऊन जन्मलेलं बाळ पहिले काही महिने ठणठणीत असतं. बिघडलेला जनुक त्याच्या पेशींत पहिल्या दिवसापासून असतो, तरीही रक्तातल्या बहुतेक तांबड्या पेशी गोल आणि लवचीक राहतात. साधारण सहा महिन्यांनंतर कधीतरी हातापायांची बोटं सुजतात, बाळ रडून बेजार होतं, आणि मग घरच्यांचे दवाखान्याचे फेरे सुरू होतात. सुरुवातीच्या त्या महिन्यांत बाळाला कोण सांभाळत होतं? सिकलसेलवरच्या जीन थेरपीची, म्हणजे जनुकांतच बदल करून केलेल्या उपचाराची, वाट या प्रश्नातून निघाली आहे.

विदर्भात, नंदुरबार-धुळ्याच्या पट्ट्यात हा आजार नवा नाही. गडचिरोली-चंद्रपूरकडच्या कितीतरी घरांत ‘एएस’ म्हणजे वाहक आणि ‘एसएस’ म्हणजे रुग्ण हे लहान मुलांनाही ठाऊक असतं. भारतात त्याची पहिली नोंद १९५२ साली निलगिरीतल्या आदिवासींमध्ये झाली. आदिवासी समाजात तो जास्त आढळतो, पण त्यांच्यापुरताच नाही. विदर्भात इतर अनेक समाजांतही आहे. हा जनुक टिकून राहिला त्यामागे मलेरिया आहे. आई किंवा बाप यांपैकी एकाकडूनच तो मिळालेल्या माणसाला जीवघेण्या मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. दोघांकडून मिळाला तर मात्र आजार.

बिघाड एका अक्षराचा आहे. हिमोग्लोबिनच्या रेणूत चार साखळ्या असतात, दोन अल्फा आणि दोन बीटा. बीटा साखळीची कृती ११व्या गुणसूत्रावर लिहिलेली असते. तिथे डीएनएच्या एका ‘ए’ च्या जागी ‘टी’ येतो आणि साखळीतलं सहावं अमिनो आम्ल बदलतं, ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन. एवढ्यानं हिमोग्लोबिनचा स्वभाव पालटतो. ऑक्सिजन सोडून दिला की हे रेणू एकमेकांना चिकटतात, त्यांच्या लांब ताठ काड्या होतात आणि पेशी विळ्यासारखी वाकते. वाकलेल्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. पुढच्या भागाला रक्त मिळत नाही आणि असह्य वेदना होतात. डॉक्टर त्याला क्रायसिस म्हणतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही जेमतेम १० ते २० दिवस. म्हणून अंगात रक्त कायम कमी. प्लीहा, फुप्फुसं, खुब्याचं हाड, मेंदू, कुठलाच अवयव सुरक्षित नसतो.

लायनस पॉलिंग यांनी १९४९ साली दाखवलं की हा आजार हिमोग्लोबिनच्या रेणूचाच आहे. १९५६ साली व्हर्नन इन्ग्रॅम यांनी नेमकी चूक शोधून काढली. रेणूच्या पातळीवर इतका स्वच्छ उलगडलेला हा पहिला आनुवंशिक आजार. पण उपचार पुढची कित्येक दशकं वेदनाशामकं, सलाइन आणि रक्त चढवणं यांच्याभोवतीच फिरत राहिले. चूक कळली होती, तिच्यापर्यंत हात पोचत नव्हता.

वाट दुसरीकडून निघाली. ब्रुकलिनमधल्या बालरोगतज्ज्ञ जेनेट वॉटसन यांनी १९४८ साली लिहिलं की नवजात बाळांच्या रक्तात विळ्यासारख्या पेशी फार कमी होतात, आणि त्याचं श्रेय गर्भातल्या हिमोग्लोबिनला असावं. गर्भात असताना आपण बीटाऐवजी गॅमा साखळी वापरतो. गॅमाचं हिमोग्लोबिन ऑक्सिजन जास्त घट्ट धरतं, त्यामुळे आईच्या रक्तातून तो ओढून घेणं बाळाला जमतं. जन्मानंतर शरीर गॅमा बंद करत जातं आणि बीटा सुरू करतं. सिकलसेलची चूक बीटामध्ये आहे. म्हणजे गॅमा भरपूर आहे तोवर बाळ सुखरूप. पुढे असेही काही लोक सापडले की ज्यांच्यात गॅमा मोठेपणीही चालूच राहतो. त्यांच्यापैकी ज्यांना सिकलसेलचा जनुकही मिळाला होता, त्यांना त्रास जवळपास नव्हता.

मग गॅमाला बंद कोण करतं? याचं उत्तर मिळायला २००८ साल उजाडलं. हार्वर्डमध्ये स्टुअर्ट ऑर्किन यांच्या प्रयोगशाळेत विजय शंकरन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की बीसीएल११ए नावाचं प्रथिन गॅमावर लगाम ठेवतं. पण हे प्रथिन मेंदूला आणि रोगप्रतिकारक पेशींनाही लागतं. ते सगळीकडून पुसून टाकणं शक्य नव्हतं. २०१३ साली याच गटातल्या डॅनियल बॉअर यांना त्या जनुकाच्या आत डीएनएचा एक छोटा तुकडा सापडला. बीसीएल११ए फक्त तांबड्या पेशींच्या घराण्यात चालू ठेवणं एवढंच त्याचं काम. तो तुकडा मोडला तर लगाम फक्त रक्तातच सुटतो, बाकी शरीराला धक्का लागत नाही. या सगळ्या कथेत मला सर्वांत विलक्षण वाटतं ते हेच. क्रिस्पर या डीएनए कापणाऱ्या तंत्राचं कौतुक खूप झालं, २०२०चं नोबेलही मिळालं, आणि ते रास्तच आहे. पण डीएनए हवा तिथे कापायची सोय हाती आली तेव्हा कापायचं कुठे हे आधीच ठाऊक होतं, म्हणून ती इतक्या लवकर रुग्णापर्यंत पोचली.

कॅसजेव्ही या उपचारात हेच करतात. ब्रिटननं नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याला मान्यता दिली. क्रिस्परवर आधारलेला जगातला हा पहिला मान्यताप्राप्त उपचार. पुढच्याच महिन्यात अमेरिकेनंही दिली. औषध देऊन रुग्णाच्या रक्तनिर्मिती करणाऱ्या मूळपेशी रक्तात उतरवतात आणि यंत्रानं गोळा करतात. प्रयोगशाळेत त्यांच्यातला तो नेमका तुकडा कापतात. मग रुग्णाला बुसल्फान नावाची केमोथेरपी देऊन अस्थिमज्जेतली जुनी वस्ती रिकामी करतात, आणि बदललेल्या पेशी सलाइनसारख्या परत सोडतात. त्या रुजेपर्यंत रुग्णाला चार ते सहा आठवडे जंतुसंसर्गापासून जपत रुग्णालयात राहावं लागतं. पुढे रक्तातलं सुमारे ४० टक्के हिमोग्लोबिन गर्भातल्या प्रकारचं होतं. मान्यतेच्या वेळी ज्या ३१ रुग्णांची माहिती पुरेशा काळाची होती, त्यांपैकी २९ जणांना सलग किमान वर्षभर एकही तीव्र क्रायसिस आला नाही.

११व्या गुणसूत्रावरची मूळ चूक यानंतरही जिथल्या तिथेच राहते. उपचार झालेला रुग्ण पुढच्या पिढीला तोच जनुक देतो. त्याला मूल हवं असेल तर आणखी एक अडचण आहे, कारण बुसल्फानमुळे वंध्यत्व येऊ शकतं. उपचाराआधी बीजं गोठवून ठेवायचा सल्ला द्यावा लागतो. वीस वर्षांच्या तरुण मुलीला हे समजावून सांगायला डॉक्टरला निवांत वेळ हवा, आणि तिला निर्णयासाठी त्याहून जास्त.

या क्षेत्रात सावधगिरी मोठी किंमत मोजून आली आहे. १९९९ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या चाचणीत जेसी गेल्सिंगर हा १८ वर्षांचा मुलगा जनुक वाहून नेणाऱ्या विषाणूच्या प्रतिक्रियेनं गेला. पॅरिसमध्ये जन्मजात प्रतिकारशक्ती नसलेली मुलं जीन थेरपीनं बरी झाली, पण त्यांतल्या काहींना रक्ताचा कर्करोग झाला, कारण विषाणूनं नवा जनुक भलत्याच ठिकाणी नेऊन बसवला होता. म्हणूनच आजच्या उपचारांतल्या रुग्णांवर १५ वर्षं लक्ष ठेवलं जातं.

आता पैशांचं. अमेरिकेत कॅसजेव्हीची किंमत २२ लाख डॉलर ठेवली गेली, त्या वेळच्या दरानं १८ कोटी रुपयांहून जास्त. रुग्णालयाचा खर्च वेगळा. धडगाव किंवा भामरागडच्या कुटुंबाला हा आकडा सांगण्यात काही अर्थ नाही. दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी संस्थेनं आपलं वेगळं क्रिस्पर प्रथिन घडवून सिकलसेलवर देशी उपचार तयार केला, बिरसा मुंडांच्या नावानं त्याला ‘बिरसा १०१’ म्हटलं, आणि २०२५ मध्ये ते तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटला दिलं. तो कसोटीला किती उतरतो ते रुग्णांवरच्या चाचण्यांतच ठरेल. वेल्लोरच्या सीएमसी रुग्णालयात हिमोफिलिया ए हा रक्त नीट न गोठण्याचा आजार असलेल्या पाच जणांच्या मूळपेशींत जनुक घालून उपचार झाला, त्याचे निष्कर्ष डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले: पाठपुराव्याच्या काळात कुणालाच रक्तस्राव झाला नाही. म्हणजे अशा उपचाराचं कसब देशात आहे. पण किंमत कितीही उतरली तरी केमोथेरपी, जंतुमुक्त खोल्या आणि आठवडे न् आठवडे नर्सिंग लागणारच, आणि ते जिल्हा रुग्णालयात एका दिवसात उभं राहत नाही.

म्हणून हायड्रॉक्सियुरियाबद्दल बोललंच पाहिजे. हे औषधही गर्भातलं हिमोग्लोबिन वाढवतं. जीन थेरपी ज्या वाटेनं जाते, तीच वाट, फक्त परिणाम कमी आणि औषध रोज तोंडानं घ्यायचं. अमेरिकेतल्या १९९५च्या मोठ्या चाचणीत त्यानं क्रायसिस जवळपास निम्म्यावर आणले. आपल्याकडच्या रुग्णांत गर्भातल्या हिमोग्लोबिनचं प्रमाण आफ्रिकी वंशाच्या रुग्णांपेक्षा मुळातच सहसा जास्त असतं. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, आजार तीव्र असलेल्या मुलांना वजनाच्या दर किलोमागे रोज १० मिलिग्रॅम एवढा कमी आणि ठरावीक डोस दिला होता. त्यांचे क्रायसिस, रक्त चढवण्याची आणि दाखल व्हायची वेळ, सगळंच खूप कमी झालं.

राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम जुलै २०२३ मध्ये सुरू झाली, आणि तिच्यात सात कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट ठेवलं गेलं. तपासणीत ‘एसएस’ निघालेल्या प्रत्येक मुलाच्या बाबतीत पुढचा प्रश्न हा असला पाहिजे: हायड्रॉक्सियुरिया त्याच्या गावाजवळच्या आरोग्य केंद्रात दर महिन्याला मिळतं का, आणि या औषधानं पांढऱ्या पेशी घटतात म्हणून लागणारी रक्ताची नियमित तपासणी तिथेच होते का. जीन थेरपी येईल तेव्हा ती घेण्याइतकी त्या मुलाची फुप्फुसं आणि मेंदू शाबूत असायला हवेत, आणि ते काम आजपासून या गोळीला करायचं आहे.