माकडताप माकड पसरवत नाही

सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग, बांदा आणि गोव्यातल्या सत्तरी या भागांत काजूचा हंगाम आला की एक समज हमखास कानावर येतो: माकडताप माकडांमुळे येतो, तेव्हा माकडं हाकला. नावाने केलेली ही बदनामी.

१९५७ साली कर्नाटकात शिमोग्याजवळच्या क्यासनूर जंगलात माकडं मरू लागली, माणसंही तापाने फणफणली. हाच माकडताप. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने त्याचा विषाणू शोधला. तो माणसात येतो गोचिडीच्या चाव्यातून. माकड आपल्यासारखंच बळी पडतं. मात्र मेलेल्या माकडाच्या अंगावरून उतरलेल्या गोचिडी आसपास पसरतात, म्हणून तिथे जाऊ नये आणि आरोग्य केंद्राला कळवावं.

मग दोष जंगलाचा? तसंही नाही. धोका जास्त दिसतो तो जंगल, बागायत आणि चराई एकमेकांत मिसळतात तिथे. मोठ्या गोचिडी गुरांच्या रक्तावर पोसतात, गुरांच्या अंगावरून रानाच्या कडेला येतात आणि तिथेच अंडी घालतात. गुरं स्वतः आजारी पडत नाहीत, त्यामुळे त्यांच्यावर कुणाचा संशयही जात नाही! माणसाला बहुधा चावतात त्या गोचिडींच्या बारीक पिल्लावस्था, साधारण डिसेंबर ते मेच्या दरम्यान. नेमका हाच काळ काजू वेचण्याचा, लाकूडफाटा आणण्याचा आणि भाजावळीसाठी, म्हणजे पेरणीआधी शेत भाजण्यासाठी, पातेरा (वाळका पालापाचोळा) गोळा करण्याचा.

माणसाकडून माणसाला हा ताप होत नाही, तेव्हा रुग्णाला वाळीत टाकायचं कारण नाही. रानातून आल्यावर गरम पाण्याने आंघोळ करावी, कपडे गरम पाण्यात धुवावेत आणि अंग नीट तपासावं.